बाबांचा संगणक पासवर्डाशिवाय सुरू करताना: प्रकल्प नोंदी

रविवार, ६ जुलै २०२५ (आषाढी एकादशी)

सकाळी सहाला बाबांचा फोन. संगणक पुन्हा ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतोय. पंधरवड्यातली ही चौथी वेळ. आधीच्या तीन वेळा मी फोनवरच ‘हळूहळू परत घाला’ असं सांगितलं होतं आणि कधीतरी तो उघडलाही होता. आज फोन ठेवताना ते म्हणाले, “आता माझ्या लक्षात राहत नाही गो बाय.” ते वाक्य काही मनातून जाईना. दुपारच्या कदंबानं (गोव्याची सरकारी बस) फोंड्याला उतरले आणि तिथून घरी गेले.

बाबा ७६ वर्षांचे. मराठी प्राथमिक शाळेत त्यांचा जन्म गेला. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्या हाताला थोडा कंप आहे. तरी रोज पहाटे दोन तास ते संगणकावर बसतात. चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्या वाड्यावर घरोघर घुमटाच्या (मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य) साथीनं ज्या घुमट आरत्या म्हणतात, त्यांचे शब्द ते गोळा करतायत. आरत्यांची भाषा मराठी, म्हणणारे आम्ही घरी कोंकणी बोलणारे, आणि शब्द तीन पिढ्या कानावरून कानावर आलेले. त्यामुळे एकाच आरतीचं एक कडवं तीन घरांत तीन तऱ्हांनी म्हटलं जातं. बाबा तिन्ही पाठ लिहून ठेवतात. ६१ आरत्या टाइप करून झाल्यात, वह्यांमध्ये अजून ३३ आहेत. एका वहीच्या कडा वाळवीनं खाल्ल्यात.

पासवर्ड त्यांनी माझ्यासमोर घातला. एक बोट, एक कळ, मध्ये थांबून. मी नजर ठेवून होते, एकही कळ चुकली नाही. तरी ‘चुकीचा’. मग पेटीच्या टोकाला असलेलं डोळ्याचं चिन्ह दाबलं. ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसली आणि ती सगळी देवनागरी होती.

दोष कुठे आहे ते तेव्हा कळलं. बाबा इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतात. त्या मांडणीत ‘के’च्या कळीवर ‘क’ येतो, ‘एच’वर ‘प’, ‘जे’वर ‘र’. पासवर्ड इंग्रजी अक्षरांचा, आणि लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड कधी मराठी, कधी इंग्रजी राहत होता. कोपऱ्यात भाषेची खूण असते, पण ती इतकी बारीक की मलाही चष्मा पुढे सरकवून वाचावी लागली. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबल्यावर भाषा बदलली, तोच पासवर्ड घातला, उघडलं.

बाबांना दोनदा समजावून सांगितलं की तुम्ही विसरला नव्हता, कळाही बरोबरच दाबत होता. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगताना ऐकलं, “पासवर्ड बरोबरच होता.”

या कामाचा हेतू इथेच लिहून ठेवते: बाबांनी बटण दाबावं आणि त्यांच्या आरत्यांचं पान समोर यावं, मध्ये एकही प्रश्न नको. मुदत २७ ऑगस्ट, चवथ. त्याआधी आरत्यांचे कागद छापून वाड्यावर द्यायचेत.

शनिवार, १२ जुलै

पहिला प्रयत्न आहे त्या विंडोज १० वर केला. विंडोजची कळ आणि ‘आर’ दाबून ‘नेटप्लविझ’ चालवायचं (एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड, सगळं जोडून). उघडलेल्या खिडकीत ‘या संगणकासाठी नाव आणि पासवर्ड द्यावा लागेल’ अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढली की काम होतं, असं मला आठवत होतं. पण चौकटच नव्हती.

दीड तास शोधल्यावर कारण सापडलं. भाच्यानं हा संगणक मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लावून दिला होता आणि सेटिंगमधल्या साइन-इनच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी विंडोज हॅलो (पासवर्डाऐवजी पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा) हवंच’ हे बटण चालू होतं. ते चालू असेपर्यंत चौकट लपलेली राहते. बंद केलं, खिडकी मिटून पुन्हा उघडली, चौकट आली.

खूण काढली, पासवर्ड दोनदा विचारला, मी बाबांचा रोजचा शब्द दिला, जो खरं तर हॅलोचा अक्षरी पिन होता. कुरबुर न करता त्यानं तो घेतला. संगणक बंद करून चालू केला तर पुन्हा ‘चुकीचा पासवर्ड’. इथे पिन चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच द्यावा लागतो. आणि दिलेला शब्द खरा की खोटा हे ती खिडकी तिथल्या तिथे तपासत नाही, पुढच्या वेळी सुरू होतानाच ते उघड होतं. मूळ पासवर्ड भाच्याकडून फोनवर घेतला. आता चालतंय.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी एक इशारा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) ‘विनलॉगऑन’च्या घरात ‘ऑटोॲडमिनलॉगऑन’ला १ करून ‘डिफॉल्टपासवर्ड’मध्ये पासवर्ड लिहा, असाही एक मार्ग सगळीकडे सांगितला जातो. चालतो, पण पासवर्ड तिथे उघड्या अक्षरांत पडून राहतो. नेटप्लविझ, किंवा मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं ‘ऑटोलॉगऑन’ नावाचं छोटं साधन, तो कुलूपबंद करून ठेवतं. प्रशासकाचे अधिकार असलेल्या माणसाला तोही काढता येतो, पण सहज नजरेला पडत नाही.

रविवार, १३ जुलै

पुण्याहून दादाचा फोन. त्याला ही कल्पना अजिबात पसंत नाही. “घर सताड उघडं टाकण्यासारखंच आहे हे. उद्या कोणी संगणक उचलून नेला तर?” त्याचा प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायचं ठरवलं.

संगणक बंद केला. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून आणलं होतं, त्यावरून सुरू केला आणि व्हिडिओ कॉलवर दादाला दाखवलं. फाइल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क उघडली. आरत्या, आईच्या वीजबिलांच्या पावत्या, भाच्याच्या मुंजीचे फोटो, सगळं समोर. कुठेच पासवर्ड विचारला नाही.

डिस्क सांकेतिक (एन्क्रिप्ट) केलेली नसेल तर लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दारावरचा पडदा. समोरून येणारा माणूस पडद्यापाशी थांबतो. डिस्क काढून नेणाऱ्याला पडदा लागतच नाही. आपण इतकी वर्षं त्या पडद्याला कुलूप समजत होतो. चोराला अडवायचं असेल तर पूर्ण डिस्कच सांकेतिक करायला हवी, आणि मग सहसा सुरू होतानाच परवलीचा शब्द घालावा लागतो. म्हणजे बाबांचा त्रास पुन्हा तिथेच.

दादानं बराच वेळ विचार करून विचारलं, “मग ह्या संगणकावर चोरीला जाण्यासारखं आहे काय?” तिघांनी बसून यादी केली. आरत्या तर लोकांना द्यायच्याच आहेत, त्या गुपित नाहीत. त्यांना भीती चोरीची नाही, नाहीशा होण्याची आहे. आईची बँक मात्र खरोखर जपायची गोष्ट आहे. ठरलं ते असं: बाबांचं खातं उघडं, आईचं वेगळं आणि पासवर्डाचं, बँकेचा कुठलाही पासवर्ड या संगणकावर साठवायचा नाही, आणि आरत्यांची एक प्रत कायम घराबाहेर.

शनिवार, १९ जुलै

रात्रभर पाऊस. पहाटे वीज गेली ती साडेनऊला आली. आल्यावर बाबांनी बटण दाबलं, संगणक सुरू झाला, थेट आतही गेला, पण ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळावर ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणायला लागला. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर कित्येक वर्षं मागे गेलेलं. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाला आजची तारीख चुकीची वाटत असेल तर खरं प्रमाणपत्रही त्याला खोटं वाटतं.

मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता, सीआर २०३२. मीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी २.१. संध्याकाळी फोंड्याच्या बाजारातून नवा आणला. २०१४ साली संगणक घेतला तेव्हापासूनचाच तो असावा.

तारीख लावायला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) गेलेच होते म्हणून तिथली एक सोय पाहून ठेवली: वीज परत आल्यावर संगणकानं आपणहून सुरू व्हायचं की बंदच राहायचं. स्वयंचलित लॉगिनच्या जोडीला हे लावलं तर बटणही दाबायला नको. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज एकदा जाऊन एकदाच येत नाही, अर्ध्या तासात चारदा लपंडाव खेळते. प्रत्येक वेळी संगणक उठायचा आणि मध्येच पडायचा, त्यात डिस्कची वाट लागेल. ‘बंदच राहू दे’ ठेवलं. बटण बाबाच दाबतील.

रविवार, २० जुलै

विंडोज सोडून लिनक्स मिंटवर जायचं ठरवलं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. वर्षभराची वाढीव सोय आहे, पण ती वर्षभराचीच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आमचा आय-थ्री चौथ्या पिढीचा. बाबांना विचारलं. त्यांचा एकच प्रश्न होता, “इनस्क्रिप्ट असेल ना?” आहे.

शनिवार, २६ जुलै

जुनी हार्ड डिस्क काढून नवी २५६ जीबीची एसएसडी बसवली. जुनी कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय, तीन महिने तिला हात लावायचा नाही. नव्या डिस्कवर लिनक्स मिंट २२.१, सिनॅमन डेस्कटॉपसह. प्रिंटर जोडताच ओळखला.

इन्स्टॉल करताना खात्याच्या पानावर ‘आपोआप लॉगिन’ असा पर्याय समोरच येतो. तो मुद्दाम निवडला नाही. इन्स्टॉलर जे पहिलं खातं बनवतो त्याला प्रशासकाचे अधिकार असतात, आणि उघडं राहणारं खातं प्रशासकाचं असू नये. ते पहिलं खातं माझ्या नावाचं, लांब पासवर्डाचं. मग ‘यूजर्स अँड ग्रुप्स’मधून बाबांचं आणि आईचं अशी दोन साधी खाती केली. बाबांच्या खात्यात बसून आईचं फोल्डर उघडून पाहिलं, परवानगी नाकारली. तरी खात्रीसाठी आईच्या फोल्डरची परवानगी ७०० करून टाकली: मालकाला सगळं, बाकी कोणाला काही नाही.

आपोआप लॉगिन लावणं एवढंच: मेनू, ॲडमिनिस्ट्रेशन, लॉगिन विंडो, यूजर्स. ‘ऑटोमॅटिक लॉगिन’च्या पेटीत बाबांच्या खात्याचं नाव. नाव अक्षरशः तेच हवं, पडद्यावर दिसणारं पूर्ण नाव नव्हे. आतून हे साधन लाइटडीएमच्या (लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘ऑटोलॉगिन-यूजर’ अशी एक ओळ लिहितं.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत ३४ सेकंद. जुन्या डिस्कवर हेच २ मिनिटं ४० सेकंद होतं.

रविवार, २७ जुलै

बाबांनी क्रोमियम उघडला, आणि समोर पेटी: ‘लॉगिन कीरिंग उघडण्यासाठी पासवर्ड द्या’. ज्या प्रश्नापासून त्यांना सोडवायचं, तोच वेगळ्या वेषात आला. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच शंका.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कीरिंग म्हणजे खात्यातल्या साठवलेल्या पासवर्डांची पेटी. तिची किल्ली म्हणजे आपला लॉगिनचा पासवर्ड. एरवी आपण तो लॉगिनच्या पडद्यावर टाइप करतो, तेव्हा तोच शब्द आतल्या आत पेटीलाही पोचवला जातो आणि ती मुकाट उघडते. मिंटच्या आपोआप लॉगिनमध्ये, विंडोजसारखा, पासवर्ड कुठे साठवलेला नसतो आणि कोणी टाइपही करत नाही. लाइटडीएम त्या एका खात्याला विचारल्याशिवाय आत सोडतं, बस. मग पेटीला किल्ली आणायची कुठून? ती उघडायची वेळ आली की माणसाला विचारते.

‘पासवर्ड्स अँड कीज’ नावाच्या साधनातून कीरिंगचा पासवर्ड रिकामा करता येतो, मग विचारणं थांबतं. पण पेटीतलं सगळं डिस्कवर उघडं पडतं, आणि बरेच मार्गदर्शक हा उपाय फार सहज सांगतात. मी केला नाही. फायरफॉक्स या कीरिंगला हातच लावत नाही, आपले पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. बाबांना ब्राउझर लागतो तो वर्तमानपत्र वाचायला आणि भजनं ऐकायला. क्रोमियम काढून टाकला, फायरफॉक्सचं चिन्ह मोठं करून ठेवलं, त्यात पासवर्ड साठवायची विचारणा बंद केली. पेटी पुन्हा आली नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

बाबांची तक्रार: सुरू होताना विचारत नाही, पण देवपूजा करून आलो की विचारतो.

माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आपोआप लॉगिन फक्त सुरू होण्यापुरतं असतं. पडदा काळा झाल्यावर किंवा संगणक झोपेतून उठल्यावर जे कुलूप लागतं त्याची सोय वेगळी. सिस्टम सेटिंग्ज, स्क्रीनसेव्हर, तिथल्या कुलपाच्या पानावर दोन बटणं होती: झोपवताना कुलूप लावणं, आणि स्क्रीनसेव्हर सुरू झाल्यावर लावणं. बाबांच्या खात्यात दोन्ही बंद. आईच्या खात्यात दोन्ही चालू, तेही पाच मिनिटांत.

रविवार, ३ ऑगस्ट

कीबोर्डमध्ये दोन मांडण्या, पहिली इंग्रजी, दुसरी मराठी. क्रम महत्त्वाचा आहे. बाबांनी आत काहीही निवडलं तरी लॉगिनचा पडदा सगळ्या संगणकासाठी ठरवलेली मांडणी घेतो, ती इंग्रजीच ठेवलीय. आईला पासवर्ड घालायचा असतो, तिच्यावर बाबांसारखी वेळ यायला नको. वरच्या पट्टीत भाषेची खूणही चालू करून ठेवली आणि अक्षरं मोठी केली.

मग राहिलेला शेवटचा टप्पा, आरत्यांचं पान आपणहून उघडणं. ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये नवी आज्ञा: लिबरऑफिस रायटर आणि पुढे फाइलीचा पूर्ण पत्ता. पहिल्यांदा पान पट्टीच्या मागे अर्धवट उघडलं, कारण डेस्कटॉप पुरता उभा राहिलेला नव्हता. तिथेच विलंब द्यायची सोय आहे, १० सेकंद दिले. नीट उघडतं.

सोमवार, ४ ऑगस्ट

मी पणजीत, कामावर. सकाळी सव्वासहाला बाबांचा फोन. मी धास्तावून उचलला. म्हणाले, “काही नाही. बटण दाबलं, पान आलं. कर्सर काल ठेवला होता तिथे नाही, पहिल्या ओळीवर आहे. तेवढं बघ.”

शनिवार, ९ ऑगस्ट

कर्सरचं सापडलं. शिफ्ट आणि एफ-५ एकत्र दाबलं की रायटर आधी जिथे काम थांबवलं होतं तिथे नेतो, मात्र त्यासाठी टूल्स, ऑप्शन्समध्ये वापरणाऱ्याचं नाव भरलेलं असावं लागतं. भरलं. बाबांना दोन कळा एकदम धरायला कंपामुळे जड जातं, म्हणून ही उडी एफ-९ या एका कळीवर आणून ठेवली आणि तिच्यावर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला.

आज ७४ वी आरती उतरवून झाली.

रविवार, १७ ऑगस्ट

छपाईचा दिवस. २० पॉइंटची अक्षरं, ए-फोर कागद, पाठपोट नाही. बल्बच्या उजेडात माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखाली) उभं राहून वाचता यायला हवं, ही बाबांची अट. वाड्यावरचा घुमट वाजवणारा एक मुलगा कागद न्यायला आला होता. त्याच्या नव्या घुमटाला बकऱ्याचं कातडं आहे. बाबा त्याला पूर्वीच्या घोरपडीच्या कातड्याचा नाद कसा असायचा ते सांगत होते, आणि आता घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे ते बरंच झालं असंही. मुलगा कागदावरचं एक कडवं वाचून म्हणाला, “आमच्या घरी इथे वेगळा शब्द आहे.” बाबांनी त्याला तिथेच बसवलं, बटण दाबलं, पान आलं, आणि त्याचा शब्द तळटीपेत घातला. दोन मिनिटांत. महिन्यापूर्वी त्या पासवर्डापाशीच मुलगा कंटाळून उठून गेला असता.

रविवार, २४ ऑगस्ट

पेनड्राइव्हवर प्रत घेतली. मिंटबरोबर येणारं टाइमशिफ्ट हे सिस्टमची छायाचित्रं ठेवतं, आपल्या फाइली नाही. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. फाइलींसाठी ‘बॅकअप टूल’ वेगळं आहे, ते वापरलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट (ऋषिपंचमी)

घरात बावीस माणसं. काल गणपती बसला, रात्री अकरापर्यंत आरत्या झाल्या, बाबांचे कागद सात घरांत फिरले.

आज दुपारी जेवणं चालू असताना पोरांनी संगणक सुरू केला. सुरू झाला आणि न विचारता थेट आरत्यांच्या पानावर नेऊन सोडलं. सहा वर्षांच्या पुतणीनं त्यात मनापासून टाइप केलं. शाळेत शिकवल्याप्रमाणे शेवटी ‘सेव्ह’ही केलं. आधी सगळं निवडलेलं होतं की काय कळत नाही, पण ८१ आरत्यांच्या जागी तिचं नाव आणि ‘प’च्या तीन ओळी राहिल्या होत्या.

पुतणीला कोणी रागावलं नाही. बाबांनी तर तिला मांडीवर घेतलं. पण त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता, ते मी पाहिलं. रविवारचा पेनड्राइव्ह काढला. ८० आरत्या जशाच्या तशा मिळाल्या. सोमवार-मंगळवारी टाइप केलेली एकच गेली होती, तिचा मागाहून छापलेला कागद शेजारच्या घरून आणला. वहिनीनं वाचून दाखवली आणि बाबांनी रात्री पुन्हा घातली.

दोष माझ्या योजनेत होता. मी चोराचा विचार केला, दादाचा, बँकेचा केला. वर्षातून एकदा घर भरतं आणि तेव्हा हा संगणक बाबांचा एकट्याचा राहत नाही, याचा केला नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

दादा काल रात्रीच म्हणाला, पासवर्ड परत लावूया. बाबा नको म्हणाले, “चवथीत घराला कोणी कुलूप लावतं?” दोघांचंही राखता येईल असा मार्ग लॉगिन विंडोच्या त्याच पानावर होता, मी जुलैत नजरेआड केलेला: आत जाण्यापूर्वी किती सेकंद थांबायचं ती पेटी. १५ लिहिलं. शेजारचं ‘पाहुण्यांचं सत्र’ चालू केलं.

आता असं होतं. बटण दाबलं की खात्यांचा पडदा पंधरा सेकंद थांबतो. कोणी काहीच केलं नाही तर बाबांचं खातं आपणहून उघडतं. पोरांनी तेवढ्यात पाहुण्यांचं खातं निवडायचं. तिथे रंगवायचं चित्र आहे, खेळ आहेत, आणि बाहेर पडलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. पुतणीला तीनदा करायला लावलं. तिला पंधरा सेकंद मोजायला फार आवडलं, मोठ्यानं मोजते.

दुसरं, रायटरच्या ऑप्शन्समध्ये लोड-सेव्हच्या पानावर दर वेळी आधीची प्रत राखून ठेवायची सोय आहे, ती चालू केली. एक चुकीचं ‘सेव्ह’ झालं तरी आदली प्रत वेगळी राखलेली असेल. तिसरं, पान आता थेट सगळ्या आरत्यांचं उघडत नाही. बाबा ज्या आरतीवर काम करतायत तेवढीच फाइल उघडते, पूर्ण झाली की ते ती मोठ्या संग्रहात हलवतात.

रविवार, ३१ ऑगस्ट

पाच दिवसांचं विसर्जन. नोंद करण्यासारखं काम नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

पंधरा सेकंदांचं काय करायचं, हे बाबांना विचारलं. पाहुणे गेलेत, शून्य करून देते म्हटलं. ते म्हणाले राहू दे, बटण दाबून तेवढ्यात चष्मा पुसून होतो.

८९ आरत्या झाल्या. वाळवी लागलेल्या वहीतल्या पाच उरल्यात. त्यातल्या दोनांची कडवी अर्धी आहेत, माशेलच्या एका म्हाताऱ्या काकींना ती पाठ आहेत असं कळलंय. पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन जायचंय. नव्या प्रतीचा पेनड्राइव्ह आईनं नारळांच्या पिशवीत घालून दिला, तो पणजीला आणून कपाटात ठेवला.